विषय पाणी, मुलं मात्र कोरडी

पत्र : नमस्कार. मी पोस्टातून निवृत्त झाले, सिडकोत राहते. नात दुसरीत आहे. तिच्या शाळेत दर शनिवारी पहिली-दुसरीच्या मुलांना गोष्टीचं पुस्तक वाचून दाखवायला कुणातरी आजी-आजोबांना बोलावतात. यंदा ते काम माझ्याकडे आलंय. शाळेनं महिन्यांचे विषय ठरवून दिलेत. जुलै पाणी, ऑगस्ट सण, सप्टेंबर आपले मदतनीस, ऑक्टोबर प्राणी, नोव्हेंबर माझं कुटुंब. मी ऑनलाइन दहा पुस्तकांचा एक संच मागवला आणि त्यातलं पाण्यावरचं पुस्तक पहिल्या शनिवारी वाचलं. तिसऱ्या पानावर एक मुलगा म्हणाला, ‘आजी, पाणी वाचवायचं, माहितीये.’ मग सगळे एका सुरात ‘पाणी वाचवा’ म्हणाले आणि आपसात खेळायला लागले. वर्गात निम्मी मुलं घरी अहिराणी बोलतात, काही हिंदी. अशा वर्गासाठी पुस्तकं कशी निवडायची? नाशिकमध्ये कुठं मिळतील? शाळा दोन हजार रुपये द्यायला तयार आहे. आणि दर वेळी मुलं काय शिकली ते एका कागदावर लिहून द्यायचंय, ते काय लिहू?
— एक आजी, सिडको, नाशिक

ताई, सप्रेम नमस्कार.

तिसऱ्या पानावर तुम्हाला अडवणारा तो मुलगा मला फार आवडला. त्या पुस्तकाचं याहून नेमकं परीक्षण कुणी करू शकलं नसतं. जे तिसऱ्या पानावरच कळलं, त्यासाठी उरलेली पानं कोण कशाला ऐकेल? तुमच्या वाचण्यात काही कमी पडलं असं मनात आणू नका. पुस्तकात गोष्टच नव्हती, नुसती पाटी होती. पाटी जाता जाता वाचायची, ती मांडी घालून कुणी ऐकत बसत नाही.

विषय हातात घेऊन पुस्तकं शोधायला निघालं की हे हमखास होतं. यादीत ‘पाणी’ असतं, आपण मोबाइलवर ‘पाणी’ टाकतो आणि ज्याच्या नावात पाणी आहे ते पहिलं पुस्तक मागवतो. नावातच विषय मिरवणारी पुस्तकं बहुधा उपदेशाची निघतात. झाडं लावा, दात घासा, पाणी जपून वापरा. चांगल्या चित्रपुस्तकाच्या नावावरून विषय सहसा कळत नाही. आत कुणाची तरी चप्पल डबक्यात वाहून जाते, कुणाच्या घराचं छप्पर गळतं, एखादा बेडूक विहिरीबाहेर यायलाच तयार नसतो. पाणी तिथंही आहे, पण ते काहीतरी करतंय, कुणाची तरी पंचाईत करतंय.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की शाळेनं दिलेला शब्द तसाच वर्गात नेऊ नका, त्याचा एक प्रश्न करा. नुसत्या ‘पाणी’ या विषयात काहीही बसतं आणि मनात काहीच राहत नाही. ‘पावसात कुणाकुणाची फजिती होते?’ हे मात्र सहा वर्षांच्या मुलाला लगेच समजतं, आणि त्यावर त्याच्याकडे सांगायला काहीतरी असतं. ‘पाण्यात कोण कोण राहतं?’, ‘नळाला पाणी येतं कुठून?’, ‘पूर आला की काय काय वाहून जातं?’ हेही छान प्रश्न आहेत. महिन्याला एक प्रश्न पुरे. प्रश्न ठरला की पुस्तक शोधणं एकदम सोपं होतं, कारण मग पुस्तकाच्या नावाकडे न बघता तुम्ही आत काय घडतंय ते बघायला लागता.

आणि नाशिकच्या मुलांना हे प्रश्न काही पुस्तकातून शिकवावे लागत नाहीत. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की घराघरांत एकच चौकशी सुरू होते, गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं? पायाला, कमरेला, की गळ्याला? गोदाघाट न पाहिलेल्या मुलानंसुद्धा हे घरच्या मोबाइलवर पाहिलेलं असतं. सिडकोतल्या मुलांना नासर्डी नदी जवळची, तिचा पावसाळ्यातला लोंढा त्यांना पाठ असतो. कुणाच्या मामाच्या गावाला उन्हाळ्यात टँकर येतो, तेही वर्गात कुणीतरी सांगेलच. पुस्तक उघडायच्या आधी चार-पाच मिनिटं एवढंच विचारा, ‘तुम्ही पाहिलेलं सगळ्यात जास्त पाणी कुठलं?’ मग पुराची किंवा पावसाची गोष्ट काढा. ‘पाणी वाचवा’ म्हणायची कुणाला आठवणही होणार नाही. खरं तर ज्या घरी आई पहाटे उठून हंडे-बादल्या भरून ठेवते, त्या घरच्या लेकराला पाणी जपून वापरायला शिकवणं मला जरा आगाऊपणाचंच वाटतं. ते आपल्यापेक्षा जास्त जपून वापरत असतं.

आता महिन्यातले चार शनिवार. इथं एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण विषय ठरवून वाचण्याचा खरा फायदा इथंच आहे आणि नेमका तोच बहुतेक जण घालवतात. एका विषयाची चार पुस्तकं घेताना चारही एकाच सुरातली घेऊ नका. एका पुस्तकात पाऊस म्हणजे नुसती मजा असेल, तर दुसऱ्यात त्याच पावसानं कुणाचं तरी नुकसान झालेलं असू दे. भाजीची हातगाडी भिजली, शाळेची वही गेली, छपरातून थेंब थेंब गळतंय आणि घरभर पातेली मांडलीत. दोन पुस्तकं एकमेकांशी भांडली पाहिजेत. मग वर्गात आपोआप वाद सुरू होतो, पाऊस चांगला की वाईट? एक म्हणतो चांगला, शाळेला सुट्टी मिळते. दुसरी म्हणते, आमच्या घरात पाणी शिरलं होतं. तुम्ही मध्ये पडायचं नाही, निकालही द्यायचा नाही. एकाच विषयावरची दोन पुस्तकं शेजारी ठेवली की मुलं स्वतःच त्यांची तुलना करतात. एकट्या पुस्तकानं हे होत नाही, मग ते कितीही सुंदर असो.

तिसरं पुस्तक माहितीचं घ्या. आपल्याकडे ‘गोष्टीचा तास’ म्हटलं की माहितीची पुस्तकं बाहेर राहतात, ते बरोबर नाही. काही मुलांना राजा-राणी, ससा-कासव यांत काडीचा रस नसतो, पण बेडकाच्या पिल्लाची शेपूट जाते कुठं, हे कळलं की ती आठवडाभर आईचं डोकं खातात. फक्त माहितीचं पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचायचं नसतं. चित्रं दाखवत, मुलं थांबवतील तिथं थांबत जायचं. सहा पानं झाली तरी चालेल.

आणि चौथं, ज्यात शब्दच नाहीत असं. तुमच्या वर्गासाठी तर हे पहिल्या शनिवारी घ्यावं असंच मी म्हणेन. चित्रांतूनच सगळी गोष्ट सांगणाऱ्या पुस्तकापुढे मराठीवाला, अहिराणीवाला, हिंदीवाला असा फरक उरत नाही. एक पान उघडायचं आणि गप्प बसायचं. कुणीतरी म्हणेलच, ‘तो पडला!’ दुसरा म्हणेल, ‘पडला नाय, त्याला ढकललं.’ अहिराणी बोलणारं मूल वर्गात गप्प असतं ते बहुतेक वेळा आपलं बोलणं चुकीचं ठरेल म्हणून. इथं वाचायला शब्दच नाहीत, तेव्हा चुकायचं कुठं? त्यानं अहिराणीत सांगितलं तर तुम्ही ते मराठीत ‘सुधारून’ परत म्हणू नका, ही कळकळीची विनंती. उलट दुसऱ्या मुलांना विचारा, हा काय म्हणाला ते कुणाला कळलं? सगळ्यांना कळलेलं असतं. छापलेलं पुस्तक असेल तेव्हा खुशाल मराठीतच वाचा. उत्तरं येतील त्या भाषेत येऊ द्या.

मोठी, तपशिलांनी गजबजलेली चित्रं बघत बघत गप्पा मारायच्या असतील तर माधुरी पुरंदरे यांचं ‘चित्रवाचन’ आहे, पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाचं. लिहिणं आणि चित्रं काढणं दोन्ही करणाऱ्या या लेखिकेला २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. ‘माझं कुटुंब’च्या महिन्यासाठी त्यांचं ‘राधाचं घर’ही बघा. घरातली माणसं जशी असतात तशीच त्यात आहेत, कुणी आदर्श वगैरे नाही.

पुस्तक हातात घेऊन पारखायचं कसं, हे विचारलंत. दुकानात उभ्या उभ्या होण्यासारखी परीक्षा आहे. आधी शब्द तळहातानं झाका आणि नुसती चित्रं बघत शेवटपर्यंत जा. काहीतरी गोष्ट लागली पाहिजे. मग शब्द वाचा. चित्रात जे दिसतंय तेच शब्दांत परत सांगितलेलं असेल, म्हणजे चित्रात लाल फुगा आणि खाली ‘हा लाल फुगा आहे’, तर ते पुस्तक अक्षरओळखीचं. ते वाईट नाही, पण तुमच्या शनिवारच्या कामाचं नाही. शब्द एक सांगतात आणि चित्र त्याहून जास्त काहीतरी दाखवतं, अशा जागा हव्यात. शब्द म्हणतात, ‘मनू शहाण्यासारखी झोपली.’ चित्रात पांघरुणाखालून मांजराची शेपटी बाहेर आलीय. मुलं अशी शेपटी आपल्या आधी शोधतात, आणि आजीला दिसली नाही पण मला दिसली, यासारखा आनंद नाही.

त्यानंतर एक पान मोठ्यानं वाचा. हो, दुकानातच. लोक बघतील, बघू देत. जीभ अडखळली तर ठेवून द्या. मराठीत येणारी बरीच चित्रपुस्तकं भाषांतरित असतात, त्यातली काही उत्तम आहेत आणि काही वाचताना खडे लागतात. ‘चला, आपण एका साहसावर जाऊया!’ असं कुठलं मराठी पोर म्हणतं? यमक जुळवायला ओढूनताणून शब्द आणलेली कविता तर सोडाच. तुम्ही मागवलेल्या संचातली बडबडगीतं याच जातीची असावीत, तुम्ही लिहिलं नाहीत पण वास येतोय.

शेवटचं पान आधी बघायला हरकत नाही. तिथं ‘तात्पर्य’ असेल तर लगेच पुस्तक टाकू नका, गोष्ट चांगली असेल तर ते पान वाचू नका झालं. पण अख्खी गोष्ट त्या तात्पर्यासाठीच रचलीय असं वाटलं तर मात्र पैसे वाचवा. पुस्तक न उघडता त्याचा सार एका वाक्यात सांगता येतो का, बघा. आला सांगता, तर मुलांनाही तो येणार आहे.

मुखपृष्ठावर लेखकाबरोबर चित्रकाराचं नाव आहे का, तेही बघा. साधी खूण आहे, पण फसवत नाही. जो प्रकाशक चित्रकाराचं नाव छापत नाही, त्यानं चित्रं कुठून तरी गोळा केलेली असण्याची शक्यता दाट. मग सगळी मुलं गोरी-गुलाबी, सगळ्या घरांना धुराडी, आई कायम ओट्याशी आणि बाबा पेपरमागे. अशी घरं सिडकोत कुठं आहेत?

तीस मुलांसमोर धरायचं म्हणजे आकाराचाही विचार हवा. तळहाताएवढं पुस्तक मांडीवर एका नातवंडाला घेऊन वाचायला छान, वर्गात तिसऱ्या रांगेला त्यातलं काही दिसत नाही. मोठ्या वहीएवढं तरी पान असावं. मधोमध पिना मारलेलं पुस्तक सपाट उघडतं. डिंकानं चिकटवलेलं उघडताना दोन पानांवर पसरलेलं चित्र मधल्या घडीत गडप होतं. एका पानावर दोन-तीन ओळी, त्याही गडद रंगावर न छापलेल्या. एवढं पुरे, याहून जास्त तपासायला लागलात तर दुकानदार वैतागेल.

आता कुठं मिळतील. विकत घ्यायच्या आधी सार्वजनिक वाचनालयात जाऊन या. १८४० सालापासूनची संस्था आपल्या गावात आहे, तिथं मुलांसाठीची पुस्तकंही आहेत. चार-सहा घरी आणून नातीला वाचून दाखवा. नात ही तुमची फुकटची परीक्षक आहे. तिनं ‘परत वाच’ म्हटलं ते पुस्तक विकत घ्यायचं. कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना २००९ मध्ये नाशिकातूनच सुरू झाली. वाचकांच्या गटाला पुस्तकांची पेटी मिळते आणि ठरावीक दिवसांनी पेट्या बदलतात. गंगापूर रोडवरच्या कुसुमाग्रज स्मारकात जाऊन लहान मुलांच्या पेटीची चौकशी करा, एकट्यानं जाण्यापेक्षा शाळेचं पत्र घेऊन गेलात तर बरं.

विकत घ्यायला नॅशनल बुक ट्रस्ट आणि प्रथम बुक्स ही दोन नावं आधी लक्षात ठेवा. नॅशनल बुक ट्रस्ट ही १९५७ साली स्थापन झालेली सरकारी संस्था. तिच्या नेहरू बाल पुस्तकालयाची पुस्तकं मराठीतही आहेत आणि स्वस्त आहेत. काहींची चित्रं जुन्या वळणाची वाटतील, त्यानं बिचकू नका, मुलांना ते कळतही नाही. प्रथम बुक्सच्या पुस्तकांवर एक ते चार अशा वाचनपातळ्या दिलेल्या असतात. पहिली अगदी नवशिक्यांसाठी, चौथी सराईत वाचणाऱ्यांसाठी. तुम्ही स्वतः वाचून दाखवणार आहात, तेव्हा मुलांना जेवढं वाचता येतं त्याच्या एक पायरी वरचं खुशाल घ्या. कान डोळ्यांच्या पुढे असतात. चेन्नईचं तूलिका प्रकाशन इंग्रजी-मराठी अशी दोन भाषांतली पुस्तकं एकत्र छापतं, तीही बघण्यासारखी. मेन रोडच्या दुकानात ही सगळी एका जागी मिळतीलच असं नाही. पुस्तक प्रदर्शन लागलं की तिथं बसून चाळायला मिळतं, तो मोका सोडू नका.

आणि एक फुकटचा खजिना. प्रथम बुक्सनं २०१५ मध्ये स्टोरीवीव्हर नावाचं संकेतस्थळ सुरू केलं. त्यावर मराठीत भरपूर चित्रपुस्तकं आहेत, विषयानुसार आणि पातळीनुसार शोधता येतात, उतरवून घेता येतात. त्यांचा परवाना मोकळा आहे. लेखक-चित्रकाराचं नाव राखून कुणीही ती छापू शकतं, भाषांतरसुद्धा करू शकतं. माझ्या डोक्यात लगेच तुमच्या वर्गातल्या आया आल्या. एखाद्या छोट्या पुस्तकाचं अहिराणी एखाद्या मुलाच्या आईकडून करून घ्या, बारा-चौदा वाक्यं तर असतात. मग एका शनिवारी तिलाच वाचायला बोलवा. ती आधी ‘मला कुठं येतंय’ म्हणेल. आग्रह करा.

दोन हजारांत साधारण वीस पुस्तकं बसतील. वीसच्या वीस वेगळी घेऊ नका. जे पुस्तक मुलांनी दोनदा मागितलं, त्याच्या आणखी दोन प्रती घ्या आणि आठवडाभर वर्गातच राहू द्या, दोरीला चिमटे लावून टांगलीत तरी चालेल. ऐकलेलं पुस्तक मूल स्वतः हातात घेतं, अर्धं आठवणीतून आणि अर्धं अक्षरांतून वाचतं. वाचायला शिकण्याचा तो सगळ्यात चोख रस्ता आहे. पुस्तकं फाटतील. कपाटात कुलपाखाली कोरी राहण्यापेक्षा फाटलेली बरी, हे मोठ्या बाईंना आधीच सांगून ठेवा, नंतर हिशेब नको.

बाकीच्या महिन्यांचं थोडक्यात सांगते. ‘सण’ म्हटलं की बाजारात गणपती आणि दिवाळी. तुमच्या वर्गात खानदेशी घरं आहेत, म्हणजे श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कित्येकांकडे कानबाई देवी बसत असणार. तिच्यावरचं चित्रपुस्तक बाजारात शोधण्यात दिवस घालवू नका. ‘सणाला घरी कोण कोण येतं आणि काय शिजतं?’ असा प्रश्न ठेवा आणि पाहुण्यांची, खाण्याची, घरच्या गडबडीची कुठलीही चांगली गोष्ट घ्या. कानबाईचे रोट, ईदचा शिरखुर्मा, गणपतीचे मोदक, सगळं मुलांच्या तोंडून येईल. देवाधर्माची माहिती सांगणारी पुस्तकं या वयाला मी टाळते. ती माहिती घरून मिळते, आणि एका घरची माहिती दुसऱ्या घरी चुकीची ठरते.

‘आपले मदतनीस’ हा विषय तक्त्यांनी पार कोरडा करून टाकलाय. डॉक्टर, पोलीस, पोस्टमन, एकेका चौकोनात उभे. तुम्ही तर पोस्टातल्या! पत्र हरवतं, पत्ता चुकतो, पाकीट पावसात भिजतं, अशी एखादी गोष्ट निवडा आणि शेवटी शिक्का कसा मारायचा ते मुलांना दाखवा. बरीचशी आजची मुलं हातानं लिहिलेलं पत्र पहिल्यांदाच बघतील. वर्गातल्या कितीतरी मुलांचे आईवडील अंबड-सातपूरच्या कंपन्यांत जात असतील, ते या तक्त्यांत कुठंच नसतात. कामाची आणि कामावरून घरी येणाऱ्या माणसांची गोष्ट मिळाली तर तिला पहिला मान द्या.

प्राणी आणि कुटुंब हे महिने जमलं तर अदलाबदल करून घ्या. कुटुंब ऑक्टोबरमध्ये आलं की दिवाळीच्या सुट्टीत मामा-मावश्यांकडे जाण्याच्या गप्पा रंगतात. आणि थंडीच्या तोंडावर निफाडजवळ नांदूरमध्यमेश्वरला लांबून पक्षी यायला लागतात. महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेल्याचं २०२० मध्ये जाहीर झालेली महाराष्ट्रातली ही पहिली जागा, तुमच्यापासून तासा-दीड तासावर. पक्ष्यांचं पुस्तक तेव्हा वाचलं तर शाळेची सहलसुद्धा तिकडे वळवता येईल. प्राण्यांच्या गोष्टीत एक सांभाळा. लबाड कोल्हा, मूर्ख गाढव आणि दुष्ट लांडगा यांच्या गोष्टी खुशाल वाचा, पण महिनाभर त्याच नकोत. नाशिकच्या मुलांनी बिबट्या वस्तीत शिरल्याच्या बातम्या ऐकलेल्या असतात, घाबरलेलीही असतात. बिबट्या खातो काय, राहतो कुठं, पिल्लांना नेतो कसा, हे चित्रांतून दाखवणारं पुस्तक सापडलं तर त्या भीतीवर बोलायला वाट मिळते. भीतीच मुळी नाही असं मात्र त्यांना सांगू नका, खोटं कळतं त्यांना.

वाचताना पुस्तक छातीशी आडवं धरून पानं मुलांकडे करायची, म्हणजे मजकूर तुम्हाला जवळपास पाठ हवा. आदल्या दिवशी घरी दोनदा वाचलंत तर होतं. एका शनिवारी दोनच पुस्तकं घ्या, त्यातलं एक मागच्या वेळचं. ‘हे वाचलंय’ अशी कुरकुर एखादाच करतो, बाकीचे पुढचं वाक्य तुमच्या आधी म्हणायला टपलेले असतात. दर पानावर ‘पुढे काय होईल सांगा बरं’ करू नका, गोष्टीचा जीव जातो. एखाददुसऱ्या ठिकाणी थांबलात तर बस.

राहिला शाळेचा कागद. ‘मुलांना पाण्याचे महत्त्व पटले’ हे वाक्य तुम्ही लिहू नका, आणि कुणी लिहून मागितलं तरी जरा नेटानं नकार द्या. एका तासात कुणाला कशाचं महत्त्व पटलं हे कळायला काही मार्ग नाही. त्याऐवजी पुस्तकाचं नाव, लेखक, चित्रकार लिहा. मग मुलांनी कुठल्या पानावर थांबवलं ते. मग दोन-तीन मुलांची वाक्यं, त्यांच्याच भाषेत, जशीच्या तशी. अहिराणी असेल तर अहिराणी. मुलांनी एखादं चित्र काढलं असेल तर ते जोडा, त्याखाली मूल जे सांगेल ते तुम्ही लिहून घ्या. एवढा कागद वर्गशिक्षिकेला खरोखर उपयोगी पडतो, कारण एरवी वर्गात तोंड न उघडणारं मूल काय बोललं ते तिला त्यात सापडतं. मोठ्या बाई तरीही ‘निष्पत्ती’ मागतील, तर त्यांना एका शनिवारी वर्गात येऊन बसायचं आमंत्रण द्या. मागच्या रांगेत, मुलांबरोबर, खाली.

तुमची,
सदरलेखिका

ता. क. संचातली उरलेली पुस्तकं टाकून देऊ नका. ज्यांची चित्रं बरी आहेत त्यांच्या मजकुरावर पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवा आणि दुसरीच्या मुलांना सांगा, आता याची गोष्ट तुम्ही लिहा. ‘पाणी वाचवा’पासूनच सुरुवात करा, आणि पहिली पट्टी त्या तिसऱ्या पानावरच्या मुलाला द्या.